शून्य लिहिलेलं आणि शून्य झालेलं: एका ॲपमधल्या दोन रकान्यांचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. "माझी सरासरी अचानक इतकी चांगली कशी काय झाली?"

आकडे वाईट दिसतात म्हणून कुरकुरणारे वापरकर्ते रोज भेटतात. आकडे चांगले दिसतात म्हणून संशय घेणारा हा पहिलाच. ॲप रक्तातली साखर नोंदवण्याचं होतं. एका पानावर चार रकाने: साखर, इन्सुलिनची युनिटं, वेळ आणि टिपण. साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, इन्सुलिन पूर्ण युनिटांत. आयफोन-आयपॅडचा भाग स्विफ्टमध्ये लिहिलेला, अँड्रॉइडचा कोटलिनमध्ये. मी स्विफ्टच्या बाजूला होतो.

त्याच्या परवानगीने शेवटच्या ७ नोंदी उघडल्या. १६५, १८९, १७७, ०, १९८, ०, १७१. बेरीज ९००, भागिले ७, म्हणजे १२८.५७. ॲप १२९ दाखवत होतं, तेही हिरव्या रंगात. दोन शून्यं बाजूला काढली तर ९०० भागिले ५, म्हणजे १८०. मधुमेही प्रौढांनी जेवणाआधीची साखर साधारण ८० ते १३० च्या दरम्यान ठेवावी, हे अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचं उद्दिष्ट आम्ही हिरव्या पट्ट्यासाठी घेतलं होतं. म्हणजे पट्ट्याच्या वरच्या टोकापेक्षा ५० ने जास्त असलेल्या माणसाला आम्ही "छान चाललंय" म्हणत होतो, आणि हा माणूस इन्सुलिन घेणारा. पडद्यावरच्या आकड्याकडे बघून डोस ठरवणाऱ्याला असं सांगणं म्हणजे काय, हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही.

शून्य साखर जिवंत माणसाच्या रक्तात नसते. त्याने शून्य लिहिलेलंही नव्हतं. ते आम्ही लिहिलं होतं.

आधीची मलमपट्टी

ॲपच्या पहिल्या आवृत्तीत सेव्हचं बटण दाबलं की रकान्यातल्या मजकुराचा आकडा करायचा, एवढंच काम होतं. स्विफ्टमध्ये मजकुरातून आकडा मागितला तर सरळ आकडा मिळत नाही, ऑप्शनल मिळतो. ही एक डबी समजा. आत आकडा असेल, नाहीतर निल, म्हणजे काहीच नाही. भाषेच्या पोटात हा दोनच शक्यतांचा साधा एनम, म्हणजे ठरलेल्या शक्यतांचा प्रकार, आहे: "सम" म्हणजे काहीतरी आहे, "नन" म्हणजे काही नाही. डबी न तपासता उघडायची असेल तर मागे उद्गारचिन्ह लावायचं. म्हणजे कंपायलरला, कोड तपासून त्याचं ॲप बनवणाऱ्या यंत्रणेला, ठणकावून सांगायचं, "आत आकडा आहे, मी सांगतो ना!"

नसला तर ॲप जागच्या जागी बंद. ऑप्शनल उघडताना अनपेक्षितपणे निल सापडलं, अशा अर्थाची ती ओळ स्विफ्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर कधी ना कधी कोरली गेलेली असते. आमचे क्रॅश रिपोर्ट त्याच ओळीने भरले होते, कारण रकाना रिकामा ठेवून सेव्ह दाबणारी माणसं आम्ही धरलीच नव्हती.

पुढची आवृत्ती तोंडावर होती. मग जे सगळीकडे होतं तेच झालं. उद्गारचिन्हं काढली, त्या जागी दोन प्रश्नचिन्हं आणि शून्य टाकलं. आकडा असेल तर घे, नसेल तर शून्य घे. अकरा ठिकाणी बदल, अर्ध्या तासाचं काम. कोड रिव्ह्यू पाच मिनिटांत मंजूर झाला आणि मंजुरी देणाऱ्यांत माझंही नाव आहे. क्रॅश एका दिवसात थांबले. आम्ही एकमेकांची पाठ थोपटली.

यात एक गंमत आहे, ती मला फार उशिरा कळली. निलची ही सगळी कटकट टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञापासून सुरू होते. १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी त्यांनी नल संदर्भ, म्हणजे निलचाच पूर्वज, आणला आणि २००९ मध्ये एका परिषदेत स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. ॲपलच्या जुन्या भाषेत, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये, या चुकीवर वेगळाच तोडगा होता: निलला काही विचारलं तर ते भांडत नाही, मुकाट्याने शून्य परत करतं. "कखग" या मजकुराचा पूर्णांक मागितला तरी शून्य, आणि "१२ कखग" चा मागितला तर १२. पुढचं शेपूट गुपचूप गिळायचं. २०१४ मध्ये स्विफ्ट आली ती बऱ्याच अंशी हा गुळमुळीतपणा मोडायला. आकडा नसेल तर तसं उघड सांग, हाच ऑप्शनलचा मुद्दा. आणि आम्ही दोन प्रश्नचिन्हं लावून ऑब्जेक्टिव्ह-सी पुन्हा घरात घेतली. आमच्यातला सगळ्यात अनुभवी माणूस त्याच भाषेतून आलेला होता. त्याला त्या ओळीत वावगं दिसलं नाही, यात नवल नाही. त्याला ती घरचीच वाटली असणार.

दोन प्रश्नचिन्हं सरसकट वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. मजकुराच्या रकान्याचा मजकूर स्विफ्टमध्ये कागदोपत्री ऑप्शनल असतो, पण रिकामा रकाना प्रत्यक्षात निल देत नाही, रिकामी ओळ देतो. तिथे "नसेल तर रिकामी ओळ घे" म्हटलं तर कुणाचं काही बिघडत नाही, कारण रिकामी ओळ आणि मजकूर नसणं यांचा अर्थ एकच. टिपणाच्या रकान्यात ते आजही तसंच आहे. साखरेच्या रकान्यात शून्य आणि "माहीत नाही" यांचा अर्थ एक नाही. अकरा ठिकाणी एकच मलम लावताना हा फरक कुणी बघितला नाही.

दोन शून्यं, दोन कहाण्या

माणसं काय टाइप करतात याचा कच्चा मजकूर आम्ही साठवत नव्हतो. आरोग्याची माहिती आहे, तो निर्णय बरोबरच होता. त्यामुळे तपासासाठी त्यालाच विचारावं लागलं: त्या दोन वेळी तुम्ही नेमकं काय केलंत?

पहिल्या वेळी त्याने साखर मोजलीच नव्हती. रात्री इन्सुलिन घेतलं, तेवढंच नोंदवलं, साखरेचा रकाना कोरा सोडला. म्हणजे नोंद पूर्णपणे योग्य होती. कोरा रकाना ही चूक नव्हती, ते उत्तर होतं.

दुसऱ्या वेळी मोजली होती. मुलीने निरोपात पाठवलेला आकडा त्याने तिथून उचलून चिकटवला. आकड्यामागे एक स्पेस होती. स्विफ्टचं मजकुराचा पूर्णांक किंवा डबल, म्हणजे दशांश चालणारा आकडा, करणारं यंत्र इतकं कडक आहे की मागे-पुढे एक स्पेस असली तरी ते निल देतं. हजारांसाठी स्वल्पविराम टाकला तरी निल. दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरणाऱ्यांचं "७,२" सुद्धा निल. एका स्पेसपायी त्याचं त्या दिवशीचं मापन शून्य झालं आणि पडद्यावर "नोंद जतन झाली" असा हिरवा टिळा लागला. हा टिळा मला शून्यापेक्षा जास्त खटकतो. माणसाने शंका घेऊ नये याची सोय आम्हीच केली होती.

हे कळल्यावर बाकीच्या वापरकर्त्यांच्या नोंदींत शून्यं शोधली. ज्यांनी आधीच तपासाला परवानगी दिली होती त्यांना निरोप पाठवून विचारलं. बहुतेक उत्तरं वरच्या दोन प्रकारांतलीच. एक मात्र वेगळं निघालं. एका बाईंनी लिहिलं, "त्या दिवशी मीटरवर आकडा आलाच नाही, एच आणि आय अशी दोन अक्षरं आली. मी तीच टाकली."

घरगुती ग्लुकोमीटरला मर्यादा असते. बऱ्याच मीटरमध्ये ती २० ते ६०० असते. त्यावर साखर गेली की पडद्यावर आकडा येत नाही, "हाय" येतं. खाली गेली की "लो". म्हणजे बाईंची साखर ६०० च्या वर होती आणि आम्ही तिचं शून्य केलं. त्या महिन्यातली सगळ्यात महत्त्वाची नोंद ती होती, आणि ती उलट टोकाला जाऊन बसली. आलेखावर तिथे खड्डा पडला होता, खरं तर तिथे शिखर हवं होतं. त्या ठीक आहेत. त्यांनी आमच्या आलेखावर विसंबून न राहता डॉक्टरांना फोन केला होता.

आमच्या बैठकांत तोपर्यंत "चुकीचं इनपुट" हा शब्द फार सैल वापरला जात होता. त्या दिवसानंतर मी तो वापरायचा बंद केला. कोरा रकाना चुकीचा नव्हता. शेवटची स्पेस चुकीची नव्हती, आमचं वाचन आखूड होतं. आणि "हाय" तर बरोबरच होतं, आमच्या डबल या प्रकारात त्याला जागा नव्हती एवढंच.

"पण नंबर पॅड लावलाय ना?"

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. आकड्यांचा कीबोर्ड लावला की अक्षरं येणारच कशी?

येतात. चिकटवून येतात, वर बघितलंच. आयपॅडवर आकड्यांचा कीबोर्ड मागितला तरी पूर्ण कीबोर्ड उघडतो. बाई आयपॅड वापरत होत्या. बाहेरचा कीबोर्ड जोडलेला असेल तर नंबर पॅडला कुणी विचारतच नाही. कीबोर्डचा प्रकार ही वापरणाऱ्याची सोय आहे, दारावरचा पहारेकरी नव्हे.

आणि आकडेच आले तरी ते कुठल्या लिपीतले? ॲपलच्या नंबर पॅडच्या वर्णनातच लिहिलंय की तो भाषेप्रमाणे योग्य आकडे देतो आणि तिथे दिलेल्या उदाहरणांत देवनागरी ०-९ आहेत. फक्त इंग्रजी आकडे हवे असतील तर त्यासाठी आस्की नंबर पॅड असा वेगळा प्रकार आहे, आयओएस १० पासून. आम्ही साधा लावला होता. आता स्विफ्टला देवनागरीत लिहिलेलं "१२" द्या आणि पूर्णांक मागा. निल. तिला फक्त इंग्रजी आकडे वाचता येतात.

हे उघड झालं ते इन्सुलिनच्या रकान्यात, आणि तेही अँड्रॉइडमुळे. आमची टेस्टर दोन फोन शेजारी ठेवून बसली होती. दोन्हींवर मराठी कीबोर्ड, दोन्हींवर "१२". अँड्रॉइडवर नोंद १२ झाली, आयफोनवर शून्य. कोटलिनची बाजू लिहिणारा म्हणाला, "मी काहीच केलेलं नाही," आणि ते खरंच होतं. कोटलिन जिच्या पायावर उभी आहे त्या जावाच्या पोटातलं आकडा ओळखणारं फंक्शन कुठल्याही लिपीतला दशमान अंक ओळखतं, कोटलिन तेच वापरते, त्यामुळे पूर्णांक करताना देवनागरी चालतं. मजा म्हणजे त्याच कोटलिनमध्ये डबल मागितला तर देवनागरी चालत नाही, नल येतं. एकाच पानावर, एकाच फोनमध्ये, एक रकाना मराठी वाचतो आणि शेजारचा नाही. आणि तिथेही नलला शून्याचं टोपण होतंच. कोटलिनमध्ये त्या चिन्हाला एल्व्हिस म्हणतात, काम तेच.

साखरेच्या रकान्यातलं शून्य निदान अशक्य तरी होतं, ते डोळ्यात भरलं. इन्सुलिनच्या रकान्यातलं शून्य अगदी शक्य आहे. आज घेतलं नाही, म्हणजे शून्य. त्यामुळे तिथलं खोटं शून्य खऱ्या शून्यांच्या गर्दीत आरामात मिसळून गेलं होतं. हा मुद्दा लक्षात असू द्या, शेवटी तो अंगावर आला.

डबीऐवजी काय

पहिला विचार सरळ होता: शून्य काढा, ऑप्शनल तसाच वर न्या, निल असेल तर "आकडा नीट भरा" असा निरोप दाखवा. गार्ड लेट लावलं की झालं. गार्ड २०१५ च्या स्विफ्ट २ मध्ये आलं आणि अशा कामाला ते छानच आहे: आकडा मिळाला नाही तर इथूनच परत फीर, मिळाला तर पुढच्या सगळ्या ओळी डबीविना, साध्या आकड्यावर चालतात.

करून बघितलं आणि दोन तासांत फसलं. कोरा रकाना सोडून फक्त इन्सुलिन नोंदवणाऱ्याला आता सेव्हच करता येईना. ऑप्शनल एकच गोष्ट सांगतो: आकडा नाही. का नाही, हे सांगत नाही. कोरं होतं म्हणून, वाचता आलं नाही म्हणून, की मीटरच्या बाहेर गेलं म्हणून? तिन्ही वाटा एकाच निलमध्ये येऊन मिळतात आणि पुढे कुणाचा माग लागत नाही.

मग स्वतःचा एनम केला. त्यात चार शक्यता: कोरा; आकडा, सोबत त्याची किंमत; मीटरबाहेर, सोबत वर की खाली; आणि न वाचता आलेलं, सोबत कारण. मजकूर घेऊन यांतलं एक परत करणारं एकच फंक्शन, आणि ॲपमध्ये दुसरीकडे कुठेही मजकुराचा आकडा करायचा नाही. ते फंक्शन आधी मागचे-पुढचे स्पेस काढतं, मग देवनागरी, अरबी वगैरे अंक इंग्रजीत आणतं, मग दशांशाचं चिन्ह बघतं आणि सगळ्यात शेवटी स्विफ्टच्या कडक यंत्राकडे देतं. ते यंत्र कडक आहे म्हणून आता मला आवडतं. सैलपणा आपण मोजून-मापून द्यायचा, त्याने आपणहून नव्हे.

अंक बदलताना एक ठेच लागली, सांगून ठेवतो. स्विफ्टमध्ये अक्षराला "तुझी पूर्णांक किंमत काय" असं विचारता येतं आणि देवनागरी "५" ला विचारलं की ५ मिळतात. सोपं वाटलं. पण तीच सोय घाताच्या छोट्या २ लाही दोन म्हणते, आणि दहा हजारासाठीच्या चिनी अक्षराला दहा हजार म्हणते. म्हणून आम्ही फक्त युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाने, ज्यांना दशमान अंक म्हणून नोंदलंय तेवढीच अक्षरं घेतली.

एनमचा खरा उपयोग दुसऱ्या दिवशी दिसला. स्विफ्टमधल्या स्विचला, म्हणजे शक्यतेनुसार वाट निवडणाऱ्या रचनेला, एनमच्या सगळ्या शक्यता हाताळाव्या लागतात, एक राहिली तर कोड कंपाइलच होत नाही. प्रकार बदलल्याबरोबर नऊ ठिकाणी लाल रेघा आल्या. आलेखाच्या कोडमध्ये: मीटरबाहेरचा बिंदू कुठे काढायचा? सरासरीत: तो धरायचा का? डॉक्टरांना पाठवायच्या तक्त्यात: कोऱ्या जागी काय छापायचं? आधी या नऊही प्रश्नांना आम्ही न विचारताच "शून्य" असं उत्तर देऊन टाकलं होतं. एका सहकाऱ्याने घाईत दोन ठिकाणी डिफॉल्टची वाट टाकली, म्हणजे "बाकी काहीही असेल तर हे कर". लाल रेघ गेली, प्रश्नही गेला. ती परत काढायला लावली. थोडा वाद झाला, पण काढली.

उत्तरं अशी ठरली: सरासरीत फक्त आकडे घ्यायचे. मीटरबाहेरची एकही नोंद असेल तर सरासरीचा हिरवा रंग द्यायचाच नाही, बाजूला ती नोंद ठळक दाखवायची. आलेखावर ती वरच्या कडेला बाणाने. कोऱ्या जागी रेघ तुटलेली ठेवायची, जोडायची नाही.

निरोपांवर वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. आधीचा "अवैध इनपुट" हा निरोप कुणाला काय सांगतो? त्या जागी कारण धरून वाक्यं लिहिली. "आकड्यात अक्षरं आली आहेत, मीटरवर हाय किंवा लो दिसत असेल तर इथे दाबा." माणसाने ६.५ टाकलं तर ते डबल म्हणून अगदी स्वच्छ आहे, कुठलाही ऑप्शनल तिथे तक्रार करणार नाही. पण २० च्या खाली मीटर आकडा दाखवत नाही, म्हणजे हे बहुधा साखरेच्या दुसऱ्या एककात, मिलिमोल प्रति लिटरमध्ये, आहे. १८ ने गुणलं की ११७ येतात. आम्ही आपणहून गुणत नाही. विचारतो: "हे मिलिमोलमध्ये आहे का? मग ११७ होतील." हो म्हटलं तरच. परस्पर अंदाज बांधून आकडा बदलायची हौस एकदा फिटली होती.

निरोप दाखवायचा कधी, हेही ठरवावं लागलं. प्रत्येक कळ दाबताना तपासलं तर १८० लिहू बघणाऱ्याने १ दाबताच "आकडा फार कमी आहे" असं ओरडतं. रकान्यातून बाहेर पडल्यावर किंवा सेव्ह दाबल्यावरच तपासायचं, आणि टाइप केलेला मजकूर कधीही पुसायचा नाही. आधी पुसत होतो. स्वतःची चूक बघायलाही न मिळणं, हा वेगळाच छळ.

एक बारीक गोष्ट टेस्टरने काढली. तिने आयपॅडवर एन-ए-एन अशी तीन अक्षरं टाकली. स्विफ्टचं डबल या अक्षरांना नाही म्हणत नाही! ते त्याचं "आकडा नव्हे" हे खास मूल्य देतं. ऑप्शनलची डबी भरलेली, आत आकडा नसलेला आकडा. माझी तपासणी अशी होती: २० पेक्षा कमी किंवा ६०० पेक्षा जास्त असेल तर नाकार. या मूल्याशी केलेली कमी-जास्तची कुठलीही तुलना खोटी ठरते, म्हणून ते कमीही नव्हतं, जास्तही नव्हतं, आणि ऐटीत आत गेलं. उलटी मांडणी केली, २० ते ६०० च्या पट्ट्यात असेल तरच घे, आणि दार बंद झालं. एवढ्या एका मूल्याने पुढे जेसन, म्हणजे सर्व्हरला पाठवायचा मजकूर, तयार करताना एन्कोडरने एरर फेकला असता आणि त्या वापरकर्त्याचं सिंकच अडकलं असतं.

सर्व्हरवर

फोनवर सगळं नीट केलं आणि तरी शून्यं येत राहिली. सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये साखरेचा रकाना नल न चालणारा होता आणि त्याचं डिफॉल्ट शून्य होतं. आमची मलमपट्टी तिथेही कुणीतरी आधीच लावून ठेवली होती.

रकान्यात नल चालू दिलं. डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेतली सरासरी नल असलेल्या ओळी आपोआप वगळते, त्यामुळे पुढे जुनी शून्यं नल झाल्यावर तिकडचा अहवाल कोडची एक ओळही न बदलता १८० वर आला. एक काटा मात्र उरला. स्विफ्टचं आपोआप तयार होणारं जेसन निल असलेल्या रकान्याचं नाव पाठवतच नाही, ते नावच गाळतं. आणि आमचा सर्व्हर न आलेल्या नावाचा अर्थ "आधीचं आहे तसं ठेव" असा लावायचा. म्हणजे माणसाने चुकीचा आकडा पुसून रकाना कोरा केला, की सिंकनंतर जुना आकडा भुतासारखा परत. तेवढा एन्कोडिंगचा भाग हाताने लिहिला आणि नल उघडपणे पाठवायला लावलं.

जुनी शून्यं

नवीन नोंदी सुधारल्या. जुन्यांचं काय?

साखरेच्या रकान्याचा निकाल एका बैठकीत लागला. शून्य साखर अशक्य, म्हणून तिथलं प्रत्येक शून्य आमचं. सगळी नल केली. त्यांतली कोणती कोरी होती आणि कोणती "हाय" होती, ते कायमचं गेलं. पण निदान खोटा आकडा उरला नाही.

इन्सुलिनला हे लागू नव्हतं. तिथलं शून्य म्हणजे "घेतलं नाही" असेल, "लिहिलं नाही" असेल, किंवा कुणीतरी देवनागरीत १२ लिहिलेलं असेल. डेटाबेसमध्ये तिन्ही सारखीच दिसतात. सगळी नल करावीत तर खरी शून्यं जातात. ठेवावीत तर खोटी राहतात. दोन दिवस डोकं खाजवल्यावर ध्यानात आलं की प्रत्येक नोंदीसोबत ॲपच्या आवृत्तीचा क्रमांक येतो. आयफोनवर मलमपट्टीच्या आधीच्या आवृत्तीत उद्गारचिन्ह होतं. त्या आवृत्तीत आकडा वाचता आला नाही तर नोंद होतच नव्हती, ॲपच पडायचं. म्हणजे त्या काळातलं प्रत्येक शून्य माणसाने स्वतः, इंग्रजी आकड्यात लिहिलेलं. ज्या आवृत्तीची आम्हाला लाज वाटायची, तिच्याच नोंदींवर आता डोळे झाकून भरवसा ठेवता येत होता.

ती शून्यं तशीच ठेवली. मलमपट्टीनंतरची, आणि अँड्रॉइडची पहिल्यापासूनची सगळी, राखाडी केली. ती कुठल्याही बेरजेत धरत नाही. राखाडी शून्यावर बोट ठेवलं की ॲप विचारतं: घेतलं नव्हतं, लिहायचं राहिलं, की आठवत नाही? तिसरा पर्याय नको असं एकाचं म्हणणं होतं, त्याने डेटा घाण राहतो म्हणून. ठेवला. सर्वात जास्त बोटं त्याच्यावरच पडतात.

तक्रार करणाऱ्या गृहस्थांनी त्यांची राखाडी शून्यं एका संध्याकाळी बसून जुन्या वहीवरून भरली. वही ते पहिल्यापासून ठेवत होते. ॲप आल्यावरही त्यांनी ती बंद केलेली नव्हती, आणि अजूनही केलेली नाही.